गुलाल लागलेली मतं

“मॅडम, ह्ये मत बाद करा. त्याच्यावर खूण हाय.”

बोलणारा होता चेअरमनचा पुतण्या, त्यांच्या पॅनेलचा मोजणी प्रतिनिधी. खूण म्हणजे गुलालाचं बोट. आणि ते बोट त्याचंच होतं.

सहकार खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी सोसायट्यांच्या निवडणुका घेते. हुद्दा निवडणूक निर्णय अधिकारी, काम भांडणं ऐकण्याचं. ही ताथवड्यातली मोठी गृहनिर्माण सोसायटी. इथे मशीन नव्हतं. कागदी मतपत्रिका, शिक्का आणि पेटी. दोन्ही पॅनेलना सारख्या जागा मिळाल्या होत्या, एकच मोजायची राहिली होती. एकीकडे चेअरमन, गावातलं जुनं घराणं. सोसायटीला पाण्याचे टँकर त्यांच्या घरचेच. दुसरीकडे बिराजदारबाई, मूळच्या लातूरकडच्या, नवरा चाकणला कंपनीत. त्यांना पालिकेची पाइपलाइन हवी होती. ही जागा ज्याला मिळेल, कमिटी त्याची. टँकर की नळ, ते इथेच ठरणार होतं.

कागदी मोजणीत लबाडी करायला फार अक्कल लागत नाही. नखाखाली रिफिलचा तुकडा धरायचा, दुसऱ्या नावापुढे रेघ मारायची, चांगलं मत बाद. म्हणून टेबलाजवळ मी पेन येऊ देत नाही. प्रत्येक गठ्ठा दोघांनी वेगवेगळा मोजायचा. प्रतिनिधींनी खुर्च्यांच्या रांगेमागे उभं राहायचं. “आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?” हे दर वेळी ऐकावं लागतं. नाही, म्हणून तर मला बोलावतात!

पेनं जमा केली, खिसे बघितले. गुलाल मात्र माझ्या डोक्यात आला नाही. पहिले निकाल लागले, तसा खाली ढोल सुरू झाला आणि प्रतिनिधी गुलाल खेळून परत वर आले. मी दाराशी ढोलवाल्यांना गप्प करत होते. तेवढ्यात हे महाशय खुर्च्या ओलांडून टेबलाशी. “नीट दाखवा की राव,” म्हणत एकेका मतपत्रिकेवर बोट ठेवायचं. मी परत येईपर्यंत गठ्ठाभर मतं लाल झाली होती. सगळी बिराजदारबाईंची. काकांच्या मतांना त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

“नियमच हाय ना? मतदार वळखू येईल अशी खूण असली की मत बाद.”

“मतदारानं केलेली खूण. मतदानाच्या वेळी इथे गुलाल होता का?” मी न उघडलेल्या मतपत्रिका सगळ्यांसमोर पसरल्या. “यातल्या एकीवर तरी डाग दाखव.”

एकीवरही नव्हता.

“मग फेरमोजणी घ्या,” चेअरमन म्हणाले.

“जरूर. आधी सगळ्यांनी हात धुऊन या.”

मोजणी चालली होती त्या क्लबहाउसच्या नळाला पाणी नव्हतं. टँकर आलाच नव्हता. चेअरमन पुतण्याकडे बघायला लागले, पुतण्या मोबाइलमध्ये. बिराजदारबाईंना मग राहवलं नाही.

“याच्यासाठीच उभी राहिले बघा मॅडम. लेकराला अंघोळ घालावी का भांडे घासावे, रोज सकाळी ह्येच ठरवायलेय मी.”

शेवटी दुकानातून पाण्याचे जार मागवले. प्रतिनिधींचे हात मी स्वतः तपासले. या वयात! उरलेली मतं उघडली, सगळी पहिल्यापासून मोजली. डाग मोजणीच्या वेळी पडले, मतं वैध, असा शेरा लिहून दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. पुतण्यानं फणफणत केली, पण केली. बिराजदारबाई मोजक्या मतांनी निवडून आल्या. मी तसं जाहीर केलं.

इथेच चुकलं. मतपत्रिका पाकिटात घालून सील करायच्या होत्या. त्याआधीच दार उघडलं आणि बाईंची माणसं अख्खी पिशवी घेऊन आत घुसली. गुलाल बाईंवर, टेबलावर, सगळ्या मतपत्रिकांवर, माझ्या चष्म्यावर. “ताई, अभिनंदन!” मी इतकी ओरडले की खालचा ढोलही थांबला. ज्यांची मतं वाचवायला मी जिवाचं रान केलं, त्यांनीच पुरावा रंगवून ठेवला!

चेअरमननी अर्थातच तक्रार केली: सगळेच कागद लाल, कसला डाग आधीचा आणि कसला नंतरचा? पुतण्याच्या सहीच्या शेऱ्यामुळे ती टिकली नाही. पाइपलाइनचा अर्ज नव्या कमिटीनं दिला.

लबाडांसाठी नियम आहेत. आनंद झालेल्यांसाठी काहीच नाही. म्हणून आता मी हॉलची कडी आतून लावते आणि शेवटचं पाकीट सील झाल्याशिवाय कोण जिंकलं ते सांगत नाही.