सागवानी बैलाचं खोगीर

नागपुरात मे महिन्यात ऊन इतकं पडतं की माझा एक प्लास्टिकचा अरबी घोडा गॅलरीत उभ्याउभ्या वितळून गाढव झाला. खोटं वाटत असेल तर घरी या, दाखवतो. कान लांबले, पाय आखडले, चेहऱ्यावर उदासी आली. त्याला मी ओझ्याचं पालाण शिवून दिलं आणि शोकेसच्या कोपऱ्यात उभं केलं.

घोडे जमवण्याचा हा नाद मला कसा लागला ते सांगता येत नाही. हिंगण्याच्या कंपनीत पहिली पाळी करणारा मी माणूस. खऱ्या घोड्यावर आयुष्यात एकदाच बसलो, तेही स्वतःच्या वरातीत, आणि ती घोडी मला घेऊन भलत्याच मांडवात शिरली. पण वीतभर उंचीचा घोडा दिसला की हात शिवशिवतात. घोडे विकत मिळतात, त्यांचं सामान मी करतो. जुन्या कातड्याचं खोगीर, ते पोटाखालून आवळायचा तंग, पाय ठेवायला रिकिबी, तोंडात कडी असलेला लगाम. काम इतकं बारीक की माझ्या रिकिबीत मुंगीनं पाय घातला तर तिला घट्ट होईल.

यंदा राखीला साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, काटोलहून आला. सोबत सासूबाई, आणि सासूबाईंच्या मांडीवर पदराखाली झाकलेला एक लाकडी बैल. सागवानी, पायांना चाकं, तेल पिऊन पिऊन जांभळासारखा काळा झालेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. पोरं असे बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात, तोरण तुटलं की दोरी धरून पळतात, आणि मग घरोघर फिरून खाऊ-पैशांचा बोजारा गोळा करतात. बायको लहान असताना हा बैल तिचा भाऊ पळवायचा. त्यांच्या घरी पोरींनी पोळ्यात जायची पद्धत नव्हती. तिनं फक्त बैलाला तेल लावायचं आणि दारात उभं राहून बघायचं.

आता आम्हाला एक मुलगी, साळ्याला एक मुलगा, आणि बैल एकच. सासूबाईंनी अट घातली होती. मागच्या वर्षी बैल साळ्याकडं सजला, यंदा आमच्याकडं सजणार, आणि ज्या घरी बरा सजेल त्या घरी कायमचा राहणार.

"भाऊजी, बैल हाय हा," साळा मिशीत हसत म्हणाला. "घोडा समजून खरारा नका करू."

"तू टेन्शन घेऊ नको गा. असा सजवतो की काटोलची संत्री झाडावरून उतरून पाहाले येतीन."

ते गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मले हा बैल पाहिजे जी. पोरीसाठी. समजलं?"

समजलं. तोवर सगळंच समजत होतं.

पोळ्याच्या दिवशी ती पुरणात गुंतली आणि मी खोलीचं दार लावून बसलो. उद्या मामी आल्यावरच दाखवीन, असं सांगून टाकलं. सासूला आम्ही मामीच म्हणतो.

आता नीट ऐका, कारण इथून पुढं काय झालं ते मलाही एका दमात कधी कळलेलं नाही. बैलाचा साज मला माहीत नव्हता असं नाही. अख्खं आयुष्य बघतोय. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, नाकात वेसण. लाल मखमलीची झूल शिवली, तिला इतवारीतून आणलेली जर लावली, आणि बैलावर टाकली. घसरली. इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं! परत टाकली, परत घसरली. म्हटलं, पोरगी पळताना झूल पडली तर अब्रू जाईल, एक तंग बांधू. बांधला, तर मखमलीला चुण्या पडल्या. तंगाला वरून धरायला काहीतरी हवं, म्हणून छोटंसं खोगीर. वशिंडावर ते बसेना, मागं ठेवलं तर पुढं सरकू लागलं, म्हणून शेपटीखालून एक पट्टा घेतला. खोगिराला रिकिबीच्या कड्या मी सवयीनं आधीच लावून बसलो होतो. रिकाम्या कड्या वाईट दिसतात, म्हणून रिकिबी. राहिली वेसण. बैलाचं नाक भरीव. सासूबाईंच्या बैलाला ड्रिल लावायची माझी छाती नव्हती, म्हणून लगाम.

एकेक पायरी मी आजही तपासतो. चूक सापडत नाही. पण हात पुसून मागं सरलो तेव्हा टेबलावर शिंगं असलेला घोडा उभा होता.

घाबरून कंपनीतल्या एका मित्राला फोन लावला. भिवापूरकडचा, घरी मिरची, दारात बैलजोडी.

"का गा, बैलाले खोगीर चालते का?"

"कुठं चालला बसून?"

"मी नाही बसत."

"मंग कोण बसते?"

मी फोन ठेवून दिला. घरात एवढे घोडे, सगळ्यांच्या पाठीवर खोगीर, आणि वर कोण बसतं हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्या बसनं आल्या. बायको, मुलगी, सगळे जमले. मी बैलावर झाकलेला टॉवेल उचलला. घरातला पंखासुद्धा थांबला. लाइट गेली होती म्हणा, पण वेळ साधून गेली.

सासूबाई बैलाच्या एका बाजूनं गेल्या, दुसऱ्या बाजूनं आल्या.

"याच्यावर बसते कोण जी?"

हे उत्तर मात्र मी घोटून ठेवलं होतं. "महादेव, मामी. नंदी हाय नं हा! बिचारा इतके दिवस बिनाखोगिराचा बसून राहिला, कोणाले त्याची काळजीच नाही."

सासूबाई विचारात पडल्या. मग खोगिरावर बोट फिरवत म्हणाल्या, "महादेव तं वाघाच्या कातड्यावर बसते. हे कायचं कातडं हाय?"

बायको खाली वाकली. "माझी पर्स! आई, माझी पर्स हाय हे! घरभर शोधून राहिली मी!"

"जुनी होती," मी म्हणालो.

"दिवाळीची होती!"

ही वादावादी चालू असताना मुलगी बैल उचलून मैदानाकडं निघालीसुद्धा. मागून आम्ही.

मैदानात कुणी हसलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. शेजारचे एक आजोबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते. "कोणत्या जातीचा हाय हा?"

"आपला गौळाऊच, काका. फक्त बाहेरगावी शिकून आला."

तोरण तुटलं. पोरं ओरडत सुटली, धूळ पार फुटाळा तलावापर्यंत गेली असेल, आणि आमची मुलगी जागेवरच. गलक्यानं बावरली. दोरी मुठीत, पाय जमिनीत. मी "पळ, पळ" ओरडतोय, ती माझ्याकडं बघतेय. तेवढ्यात बायकोनं हातातलं पूजेचं ताट आपल्या आईच्या हातात दिलं, साडी खोचली, एका हातात पोरीचा हात आणि दुसऱ्या हातात दोरी धरली, आणि पळाली. बैल मागं उड्या घेतोय, रिकिबी टणटण वाजतायत, एकदा आडवा पडून फरफटला, परत चाकांवर आला. दोघी सगळ्यात शेवटी पोचल्या. लोकांना सांगताना मी पहिल्या सांगतो.

"मामी, झूल पडली नाही, पाहिलं का?"

सासूबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की हा कोण माणूस हेच त्या विसरल्या असाव्यात. त्या साज बघत होत्या की लेक, मला कळेना.

जेवताना त्या निकालाचं काही बोलल्या नाहीत. बायकोनं दोनदा वाढायच्या निमित्तानं आईच्या तोंडाकडं बघितलं. बसच्या वेळेला सासूबाई शोकेसपुढं उभ्या राहिल्या.

"तिकडच्या पोराले रिकाम्या हातानं कशी भेटू?" म्हणाल्या, आणि माझा सगळ्यात देखणा काळा घोडा, खोगीर-लगामासकट, उचलून पिशवीत घातला. तोंड उघडायला माझा एक क्षण उशीर झाला.

"मामी, म्हणजे... बैल इथंच का?"

"मंग काय दोन्ही डोक्यावर घेऊन जाऊ?"

"आणि साज? साज कसा झाला?"

"बस सुटीन माझी," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

त्यांना बसमध्ये बसवून घरी आलो. निदान पर्सचं कातडं तरी बायकोला परत करावं म्हणून पक्कड काढली. ती जमिनीवर बसून बैलाच्या चाकांतली माती तेलाच्या फडक्यानं पुसत होती. मुलगी शेजारी बोजाऱ्यातलं चॉकलेट खात होती.

"काढू नका ते," बायको म्हणाली.

"सकाळी तं तू..."

"काढू नका म्हटलं नं."

"म्हणजे चांगला झाला साज?"

"चांगला नाही झाला," ती चाक फिरवत म्हणाली. "राहू द्या."

मी पक्कड जागेवर ठेवून दिली.