बरोबररावांचं एकुलतं मत

सलूनमध्ये जागा किती, तर एक खुर्ची, एक आरसा आणि खुर्चीच्या मागे एका माणसाला उभं राहता येईल एवढी पट्टी. बाजूच्या भिंतीला वाट बघणाऱ्यांचं बाकडं. पट्टीतला माणूस वयाच्या पंधराव्या वर्षी तिथे उभा राहिला आणि आता त्याच्या स्वतःच्या कानामागचे केस पांढरे झाले, तरी पट्टी काही रुंद झाली नव्हती. त्याचं खरं नाव परवान्यावर होतं, पण परवाना आरशाच्या वर इतका उंच टांगलेला, की वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. गल्ली त्याला बरोबरराव म्हणायची. बरोबरराव सगळ्यांना ‘बरोबर’ म्हणायचे.

हे वळण वडिलांनी लावलं होतं. “मान त्याची असते आणि वस्तरा आपला,” वडील सांगत. “अशा माणसाशी वाद घातला तर तो पुन्हा येईल का?” युक्तिवाद बिनतोड होता. बरोबररावांनी त्यावरही बरोबर म्हटलं आणि तिथून पुढे थांबलेच नाहीत.

दुकानात टीव्ही आला तो मागच्या भिंतीवर, उंचावर लावला गेला. हिशेब सरळ होता: बाकड्यावरच्यांना मान वळवून दिसेल, खुर्चीतल्याला आरशात दिसेल. बरोबररावांनाही मग आरशातच दिसू लागला, कारण त्यांचं तोंड दिवसभर तिकडेच. आवाज अगदी बारीक ठेवावा लागे. पंखा घरघर करायचा आणि गिऱ्हाइकांना टीव्हीपेक्षा टीव्हीबद्दलची स्वतःची मतं ऐकायला जास्त आवडायची. पडद्याखालून सरकणारी अक्षरं उलटी दिसत, पण सवयीने बरोबरराव ती वर्तमानपत्रासारखी भराभर वाचत.

निवृत्त मुख्याध्यापक दर रविवारी दाढीला येत. त्यांना सगळे सर म्हणत. सरांचं मत असं, की हल्लीच्या सिनेमात गोष्टच नसते. “नायक पाचव्या मजल्यावरून उडी मारतो आणि उठून केस सारखे करतो. याला काय गोष्ट म्हणायची?”

“बरोबर आहे, सर.”

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक सोमवारी येत. त्यांचं मत: “गोष्ट हवी कोणाला हो? दिवसभर लोकांची दुखणी ऐकतो मी. संध्याकाळी कोणीतरी पाचव्या मजल्यावरून पडून धडधाकट उठलेलं बघितलं, की जरा बरं वाटतं.”

“तेही बरोबर.” यातला ‘ही’ औषधवाल्यांना कधी ऐकू आला नाही.

केस कापायला ओढून आणलेल्या एका लहान मुलीने तक्रार केली, की कार्टूनमधल्या सशाचा आवाज बदललाय आणि आता तो ससा वाटतच नाही, काका वाटतो. बरोबर, म्हणाले बरोबरराव. मुलीची आई म्हणाली, कार्टूनं बंदच करायला हवीत, मुलं बिघडतात. बरोबर. मुलीने आरशातून त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्यांनी तिच्या पुढच्या बटा जरा घाईनेच उरकल्या.

याचा परिणाम असा, की बरोबररावांना सिनेमातलं फार कळतं, असं गल्लीचं एकमत झालं. प्रत्येकाला त्यांच्या तोंडून स्वतःचंच मत परत मिळे, आणि स्वतःच्या मतासारखं जाणकार मत दुसरं नसतं.

एका माणसाचं मात्र तसं मत नव्हतं. ती म्हणजे बायको. घर दुकानाच्या वरच. ती दोन पडद्यांची कापडं समोर धरून विचारायची, “निळं की हिरवं?”

“दोन्ही छान आहेत.”

“अहो, खिडकी एक आहे!”

“तेही बरोबर.”

“दगडाशी लग्न केलं असतं ना, तर निदान एका बाजूला तरी पडला असता,” असं म्हणून ती कापडं घडी करून ठेवायची. खिडकी बरेच महिने उघडीच होती.

अशात ती मालिका सुरू झाली. तिचं नाव भलतंच लांब होतं, म्हणून दुकानात तिला नुसतं ‘खून’ म्हणत. “काल खून बघितला का?” असं विचारत लोक आत शिरायचे आणि नवखं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. एका मोठ्या घरातला कारखानदार त्याच्या अभ्यासिकेत मरून पडलेला असतो. घरात भाऊ, भावजय, वकील, आणि सगळ्यांचं करणारी एक विधवा आत्या. तपासाला एक इन्स्पेक्टर बाई. खुनी कोण, यावर गल्लीत पहिल्या आठवड्यापासून चर्चा होती आणि हळूहळू सगळे एका जागी आले: वकील. वकिलाने मिशी ठेवली होती, तो कोणाकडे सरळ बघत नसे, आणि सरांच्या मते एवढा पुरावा पुरेसा होता.

बरोबररावांचं लक्ष मात्र आत्यावर असे. आत्या सारखी कोणाच्या ना कोणाच्या मागे उभी असायची. हातात ट्रे, कमरेला किल्ल्या. आवाज बारीक असला तरी तिचं काय चाललंय ते ओठांवरून कळायचं, कारण ती एकच शब्द बोलायची: हो. भावाला हो, भावजयीला हो, वकिलाला हो. कोणी तिला विचारत नव्हतं, की बाई, तुला काय वाटतं. ती पडद्यावर आली की बरोबररावांची कात्री हळू व्हायची.

आणि एका भागात त्यांना घड्याळ दिसलं. अभ्यासिकेच्या भिंतीवर, मृताच्या मागे, काच फुटलेलं, थांबलेलं. तबकडीवर आकडे नव्हते, नुसत्या रेघा. कॅमेरा त्यावरून क्षणभर सरकला आणि गेला. बाकड्यावरचे तेव्हा वकिलाच्या मिशीबद्दल बोलत होते, आणि खुर्चीतल्याचं म्हणाल, तर खुर्चीतला माणूस आरशात फक्त स्वतःला बघतो. घड्याळ एकट्या बरोबररावांनी बघितलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. भर दुपार. आणि त्या दुपारी बाकी सगळे नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला गेलेले, हे तिसऱ्याच भागात दाखवलं होतं. घरात होती फक्त आत्या.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदाच हातात हुकमाचं पान आलं होतं. ते नुसतं धरून ठेवण्यातही मजा होती.

पुढच्या सोमवारी औषधवाले खुर्चीत होते. बाकडं भरलेलं. “काय मग, शेवटी वकीलच ना?” त्यांनी विचारलं. हा काही प्रश्न नव्हता; दाढीआधी साबण लावावा तसं ते लावायचं बोलणं होतं.

कात्री थांबली.

“नाही,” बरोबरराव म्हणाले.

बाकड्यावर कोणीतरी वर्तमानपत्र खाली केलं. औषधवाल्यांनी आरशात पहिल्यांदा स्वतःला सोडून दुसऱ्या कोणाकडे बघितलं. “काय म्हणालात?”

“नाही म्हणालो. वकील नाही. आत्या.”

“आत्या? ती ट्रेवाली? अहो, तिला एक कप नीट धरता येत नाही!”

“आत्याच.”

“कशावरून पण?”

“रविवारी कळेल,” बरोबरराव म्हणाले आणि त्यांनी औषधवाल्यांचं डोकं हलकेच, पण ठामपणे, खाली वाकवलं.

बातमी वरच्या मजल्यावर त्यांच्याआधी पोचली. बायको जिन्यातच उभी होती. “खरं का? तुम्ही नाही म्हणालात?”

“म्हणालो.”

“तोंडावर?”

“आरशात,” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

तिने दोन्ही कापडं आणून समोर धरली. बरोबररावांनी नीट बघितलं. “निळं नको,” ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत खिडकीला हिरवा पडदा लागला, आणि बायको दोन वेळा गुणगुणताना ऐकू आली.

मग तो आठवडा भलताच गेला. बरोबररावांनी एका जाड गिऱ्हाइकाला सांगितलं, की बारीक कल्ले तुम्हाला शोभत नाहीत. पाचव्या मजल्यावरून उडी मारणारा नायक आपल्याला आवडतो, पण त्याने पडल्यावर थोडं लंगडायला हवं होतं, असं सांगितलं. सशाबद्दल सांगितलं, की तो खरंच काका वाटतो. दुकान तेवढंच होतं, तरी त्यांना पट्टीत हात जरा मोकळे झाल्यासारखे वाटत होते. मात्र सगळं त्या एका आत्यावर टेकलेलं आहे, हेही ते जाणून होते. ती खुनी निघाली, तर त्यांच्या ‘नाही’ला पुढे किंमत राहणार होती. नाही निघाली, तर वडील जिंकणार होते.

‘खून’चा शेवटचा भाग रविवारी सकाळी ठेवला होता. त्या दिवशी बाकड्यावर चारांच्या जागी सात जण बसले. त्यांतल्या तिघांना केस नव्हतेच. ते नुसते बघायला आले होते. खुर्चीत सर, अर्ध्या गालाला फेस. औषधवाले दाराला टेकून उभे. कधी नव्हे तो पंखा बंद केला होता आणि आवाज मोठा.

इन्स्पेक्टर बाईंनी सगळ्यांना अभ्यासिकेत जमवलं. त्या फेऱ्या मारत बोलत राहिल्या. वकील घाम पुसत होता, आत्या ट्रे धरून कोपऱ्यात. मग बाई भिंतीकडे वळल्या.

“घड्याळ,” बरोबरराव मोठ्याने म्हणाले.

“खुनी एक गोष्ट विसरला,” टीव्हीतल्या बाई म्हणाल्या. “हे घड्याळ.”

दुकानात असा ओरडा झाला, की समोरचा शिंपी बाहेर येऊन बघू लागला. “ओळखलं! बरोबररावांनी ओळखलं!” सरांनी फेसासकट मान हलवली. औषधवाले दारातून पुढे आले आणि त्यांनी चक्क बरोबररावांच्या पाठीवर थाप मारली. बरोबरराव वस्तरा हवेत धरून उभे होते. आयुष्यात कधी इतक्या माणसांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. बघत, ती आपापल्या मानेकडे.

“घड्याळ थांबलं,” बाई म्हणाल्या, “आठ वाजून वीस मिनिटांनी. सगळे जेवणाच्या मेजावर होते. एक खुर्ची रिकामी होती. तुमची, वकीलसाहेब.”

“चूक!” बरोबरराव ओरडले. “तीन चाळीस! तीन चाळीस झालेत त्यात!”

“कुठे तीन चाळीस?” बाकड्यावरून कोणीतरी म्हणालं. “आठ वीस आहेत की समोर.”

घड्याळ पडदाभर होतं. बरोबररावांनी आरशात पुन्हा बघितलं: तीन चाळीस, स्वच्छ. मग ते मागे वळले. टीव्ही चालू असताना त्याच्याकडे पाठ न करता ते बहुधा पहिल्यांदाच उभे होते. आठ वीस.

ते पुन्हा आरशाकडे वळले. तीन चाळीस.

उलटी अक्षरं ते इतकी वर्षं सुलट वाचत आले होते. घड्याळंही उलटी दिसणार, हे कधी सुचलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं पडद्यावरचं पडणं, पळणं, मिठ्या मारणं, ते सगळं त्यांनी दुसऱ्याच बाजूने बघितलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं: आरशात बघितलं हो, म्हणून. लोक हसले असते आणि सोडून दिलं असतं. पण ते सांगायचं, तर मग ज्याला सिनेमातलं फार कळतं तो माणूस गेली कित्येक वर्षं भिंतीकडे पाठ करून, आवाज बारीक केलेली उलटी चित्रं बघत होता, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी वस्तरा पुसला.

“काय बरोबरराव,” औषधवाले म्हणाले, “तुमचं घड्याळ दुपारीच बंद पडलं वाटतं!” सगळे हसले. वाईट हसू नव्हतं. घरचं माणूस घरी परत आल्यावर हसतात तसं होतं.

“राहू द्या हो,” सर म्हणाले. “फेस वाळतोय माझा. वकीलच होता, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. होता की नाही?”

बरोबररावांनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

“बरोबर आहे, सर.”

जेवायला ते वर गेले तेव्हा बायकोने ताट वाढून ठेवलं होतं आणि शेजारणीकडे शेवटचा भाग बघून आलेली ती रागात होती. ते तयारीनेच बसले.

“भिकार शेवट केला हो मेल्यांनी!” ती म्हणाली. “वकील म्हणे! त्या मिशीवाल्याच्या अंगात खून करण्याएवढा जीव तरी आहे का? तुम्ही म्हणालात तेव्हापासून मी आत्याकडेच बघत होते. जन्मभर सगळ्यांच्या मागे उभी राहून हो हो करायचं, आणि कोणी विचारायचं नाही. मी असते तर दुसऱ्याच भागात ट्रे घातला असता डोक्यात! आत्याच हवी होती. मला तर ठाम वाटतं. तुम्हाला?”

बरोबररावांच्या हातातला घास तसाच राहिला. घड्याळ गेलं खड्ड्यात. तिने जे म्हटलं ते अगदी त्यांच्या मनातलं होतं. तिने म्हणण्याच्या कितीतरी आधीपासूनचं, त्यांचं स्वतःचं. ते सांगायला त्यांनी शब्द शोधला आणि त्यांच्याजवळ होता तो एकच निघाला.

“बरोबर,” ते म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने भांडं उचललं. “झालं,” ती म्हणाली. “पुन्हा सुरू.”

“नाही गं, म्हणजे... खरंच बरोबर.”

“हो, हो. खरंच बरोबर.” ती आत गेली. खिडकीवरचा हिरवा पडदा वाऱ्याने थोडा फुगला आणि परत गजांना चिकटला.

खालून कोणीतरी हाक मारली. गिऱ्हाईक आलं होतं. बरोबररावांनी घास संपवला, हात धुतले आणि ते जिना उतरून खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले.