डाव्या डोळ्याची बाहुली

नागपूरच्या महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत प्रेमिला ताकसांडे लोकांचे चेहरे नीट करायची. छापून आलेल्या फोटोवर धुळीचा पांढरा ठिपका राहिला किंवा नवरदेवाच्या गालावर पुटकुळी दिसली, की बारीक कुंचल्यानं ती ते बुजवायची. लग्न होऊन इंदोरा वस्तीत आली तेव्हापासून तिचं हेच काम. एवढ्या वर्षांत कॅमेऱ्यातून मात्र तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटलंही नव्हतं.

वाटायला लागलं ते त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, शेजारच्या गोपिकाच्या लग्नात. हळदीच्या वेळी फोटोवाला अंगणात शिरला आणि झाडून साऱ्या बायांनी पदर ओढून तोंडं फिरवली. आठवड्यानं तेच फोटो प्रेमिलाच्या टेबलावर आले. पाठी, पदर, हळदीनं माखलेले हात. चेहरा एक नाही. फोटोवाला यायच्या आधी याच बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, हे तिनं स्वतः पाहिलं होतं.

त्या दिवशी काम आवरल्यावर ती मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मले फोटो काढणं शिकवाल का?"

स्टुडिओचे मालक आनंदराव हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जुना, चामड्याची कड सुटलेला कॅमेरा काढला. "बॉडी धडधाकट आहे. लेन्सला मात्र बुरशी लागली, ती गेली कामातून. लेन्स तुमची तुम्ही बघा. बर्डीच्या बाजारात वामनरावांकडे जा, ते जुना माल ठेवतात. फिल्म कशी घालायची ते मी दाखवतो."

बर्डीवरच्या एका जिन्याखाली वामनरावांचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डब्यांत भरलेले स्क्रू. प्रेमिलानं जाताना मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. स्टुडिओत काम करणाऱ्या आनंदरावांच्या भाच्याकडे एक लांब नळीसारखी लेन्स होती. तिनं तो तलावाच्या पलीकडच्या काठावरचा माणूस टिपायचा. प्रेमिलाला तशीच हवी होती. हातात कॅमेरा घेतलेली बाई बघून माणसं टकामका बघणार, पोरं मागं लागणार. लांबून गुपचूप काढले की झालं.

"लांबडी देतो ना," वामनराव म्हणाले. "पण फोटो कोनाचे काढान?"

"घरातले. लग्नाचे, नामकरणाचे. बायांचे."

"खोली केवढी राहते तुमच्या इकडे?"

"अशी... आठ-नऊ हात."

वामनरावांनी लांब लेन्स तिच्या कॅमेऱ्यावर आट्यांवर फिरवून बसवली आणि टेबलापलीकडं बसले. "पाहा आता माझ्याकडे."

प्रेमिलानं डोळा लावला. आधी नुसता धूर. कडं फिरवत नेलं शेवटपर्यंत, तरी धूरच.

"इतक्या जवळून तिले दिसतच नाही. भिंतीले पाठ लावून उभ्या राहिल्या, तरी नवरीचं नाक येईल, नवरी नाही." मग त्यांनी दुसरी, बसकी लेन्स लावली. तिच्यातून अख्खं दुकान दिसलं, पण कडेला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं मळलेल्या कणकेसारखं ताणलं होतं. "हिच्यानं बायांचे फोटो काढान तर बाया घरी येऊन भांडतील."

तिसरी दिसायला अगदीच साधी होती. पुढच्या कड्यावर पोचा, रंग उडालेला. "हिले नॉर्मल म्हणतात. कॅमेऱ्यासोबत फुकटात येते म्हणून कोनी पुसत नाही, म्हणून स्वस्त. पण तोंड पाहा किती मोठं उघडते. तुमच्या घरातल्या एका बल्बच्या उजेडात हीच कामी येईल."

प्रेमिलानं पाहिलं. वामनराव जसे होते तसे दिसले. पांढऱ्या मिशांतला एक तपकिरी केसही दिसला.

त्यांनी तिला लेन्स पारखायलाही शिकवलं. दिव्यासमोर धरून आरपार बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कडं फिरवून आतली पाती झटकन मिटतात का ते बघायचं. तेल लागलं असलं तर ती सुस्त होतात. बाहेरच्या पोच्याला घाबरायचं नाही.

"एकच आहे," पैसे घेताना ते म्हणाले. "हिले जवळ जा लागते. चार हातावर नाही, दोन हातावर."

"मले तेच तं जमत नाही."

"मंग घरच्यापासून सुरू करा."

घरचा म्हणजे नवरा ताराचंद. तो एका शेठच्या मॅटॅडोरवर ड्रायव्हर होता. सकाळी इंदोरा आणि आसपासच्या वस्तीतली लेकरं गोळा करून शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. त्यांची नऊ वर्षांची शामलाही त्याच गाडीतून जायची, पुढं, बापाच्या डाव्या हाताला बसून. ताराचंद देखणा होता. सावळ्या चेहऱ्यावर घारे डोळे. ते डोळे फोटोत कसे येतील याची प्रेमिलाला कधीची उत्सुकता होती. पण दिवसभर तो काळा गॉगल लावून असायचा, आणि घरात उजेड बेताचाच.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी पाऊस उघडला आणि लख्ख ऊन पडलं. प्रेमिलानं त्याला दारात खुर्चीवर बसवलं, गॉगल काढायला लावला आणि गुडघ्यांवर बसून इतकी जवळ सरकली की त्याच्या दाढीचे खुंट मोजता यावेत.

"काय करून राहिली वं? खाते का मले?"

"हालू नका जी."

तिनं त्याचे तीन-चार फोटो घेतले, मग शामलाचे, मग अंगणात भांडी घासणाऱ्या सासूबाई अंजनाबाईंचे. त्या आधी ओरडल्या, मग केस सारखे करून आल्या.

फिल्म आनंदरावांनी धुऊन दिली. फोटो मात्र प्रेमिलानं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः छापले. लाल दिव्याखाली कागद पाण्यात हलत होता. आधी भुवया आल्या, मग मिशी, मग डोळे. तिला हसू आलं. काय सुरेख आलाय हा माणूस! अगदी पापणीचे केससुद्धा.

दुसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे ती तो फोटो भिंगाखाली घेऊन बसली. ठिपके बुजवले. आणि डोळ्यांपाशी तिचा कुंचला थांबला. उजव्या डोळ्याची बाहुली उन्हामुळं मोहरीएवढी झाली होती. डाव्या डोळ्याची मिऱ्याएवढी, काळीभोर, उघडी. दोन्ही डोळ्यांवर ऊन सारखंच होतं.

तिला वाटलं, लेन्सच खराब. जुना माल गळ्यात मारला! संध्याकाळी ती तणतणत बर्डीवर गेली आणि फोटो वामनरावांच्या टेबलावर टाकला.

"हे पाहा. एक डोळा लहान, एक मोठा. अशी लेन्स देतात का?"

वामनरावांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "बाकीचे फोटो आहेत?"

तिनं शामलाचा आणि सासूबाईंचा फोटो पुढं केला. त्यांनी दोन्ही दिव्याखाली धरले. आजी-नातीचे चारही डोळे जसेच्या तसे, जोडीजोडीनं सारखे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "लेन्स चांगली आहे. हे पोट्टीचे डोळे बरोबर, बुढीचे बरोबर. एकट्या याचाच डोळा लेन्स कशी मोठा करीन? हा माणूस कोन आहे तुमचा?"

"नवरा," प्रेमिला म्हणाली. फोटो गोळा करताना तिला आठवलं. गेल्या होळीच्या सुमारास ताराचंदचं डोकं भयंकर दुखलं होतं. रात्रभर ओकला होता, डावा डोळा धरून लोळला होता. अर्धशिशी म्हणून सासूबाईंनी सुंठ लावली. दोन दिवसांनी उठून तो कामावर गेला. तेव्हापासूनच हा गॉगल नव्हता का? आणि ती शेजारी झोपत होती, त्याच्या ताटात वाढत होती.

ती घरी आली. ताराचंद भिंतीला टेकून बसला होता. तिनं पाण्याचा गिलास घेतला, पाय न वाजवता त्याच्या डाव्या बाजूनं गेली आणि गिलास त्याच्या गालापाशी धरला. तो समोर बघत राहिला. गिलास गालाला लागला तेव्हा तो दचकला आणि पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"दिसत नाही तुमाले," ती म्हणाली. हे तिनं विचारलं नव्हतं.

ताराचंदनं मान खाली घातली. "या डोळ्यानं नाही दिसत."

"कधीपासून?"

"होळीपासून."

"आणि गाडी चालवून राहिले? लेकरं भरून?"

"उजवा चांगला आहे वं. रस्ता माझा पाठ आहे. एका डोळ्यानं चालवणारे लय जण आहेत. कोनाले सांगतलं असतं तर शेठनं दुसऱ्या दिवशी काढलं असतं."

"शामला कुठं बसते? सांगा मले. कोनत्या बाजूले बसते?"

तो उठून बाहेर गेला.

सकाळी प्रेमिलाला जाग आली ती मॅटॅडोरच्या आवाजानं. ताराचंद नेहमीसारखा निघाला होता. शामला पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. प्रेमिला तशीच अनवाणी धावली आणि गाडीच्या पुढं, डाव्या कोपऱ्याशी, दोन्ही हात पसरून उभी राहिली. ताराचंदचं तोंड उजवीकडं, रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांकडं होतं. तिला वाटलं तो थांबेल. भर उजेडात बायको समोर उभी आहे, न दिसायला ती काय सुई आहे?

गाडी हलली.

पुढचं लोखंड तिच्या पोटाला लागलं. ती मागं सरकली, गाडी आणखी पुढं आली. "बाबा! आई! आई आहे!" शामला किंचाळली. ब्रेक लागला तेव्हा प्रेमिला एका हातावर मातीत पडली होती आणि चाक तिच्या पदरावर चढलं होतं.

ताराचंद उतरला. पदर चाकाखाली, बायको जमिनीवर, आणि त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. आरडाओरडा ऐकून गल्लीतली माणसं बाहेर आली. त्यानं तिला उठवलंदेखील नाही. तो गाडीला धरून खाली बसला आणि त्याचे दात वाजू लागले, भादव्याच्या उकाड्यात. तिला शेजारणींनी उठवलं. हाताचं हाड मोडलं नव्हतं.

किल्ली तिनंच शेठकडं नेऊन दिली.

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताराचंदला तपासलं आणि विचारलं, "होळीला आला होता तो काचबिंदूचा झटका होता. त्या वेळी का आला नाहीत?" डावा डोळा कायमचा गेला होता. उजव्यालाही तसाच झटका कधीही येऊ शकला असता. आज, उद्या, गाडी चालवताना. डॉक्टर हे सहज सांगत होते. प्रेमिलानं खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं छोटं ऑपरेशन झालं आणि तो डोळा वाचला.

पट्टी निघाल्यावर ताराचंदनं एक गोष्ट केली, जी प्रेमिलाला त्याच्याकडून अपेक्षित नव्हती. तो त्या गाडीतल्या लेकरांच्या घरोघर गेला. ती सोबत होती. प्रत्येक दारात तो तेच बोलला, "मले एका डोळ्यानं दिसत नव्हतं. मी लपवलं. तुमची लेकरं घेऊन जात होतो." काही जण म्हणाले, झालं ते झालं, काही वाईट तर घडलं नाही. एका बापानं त्याची कॉलर धरली आणि मग स्वतःच रडायला लागला. चारुशीला नावाच्या एका बाईचा एकुलता मुलगा त्या गाडीत जायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग आत जाऊन दार लावलं. पुढं कितीतरी वर्षं ती रस्त्यात दिसली की पलीकडून जायची. ताराचंद म्हणायचा, तिचं बरोबर आहे.

त्यानं पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका कारागिराकडं तो काम शिकला आणि त्यात रमला. दोघांमध्ये मात्र बराच काळ एक अवघडलेपण राहिलं. लपवल्याचा राग तिला होताच. त्याहून जास्त तिला स्वतःचंच नवल वाटायचं. लोकांच्या चेहऱ्यावरचा कणभर डाग जिला दिसतो, तिला घरातल्या माणसाचा डोळा गेलेला दिसू नये? हे ती कोणाला बोलून दाखवत नसे. नुसती मधेच काम थांबवून बसायची.

कॅमेरा सहा-सात महिने कपड्यांच्या पेटीत पडून होता. तो बाहेर काढायला लावला गोपिकानं. तिला बाळ झालं होतं आणि नामकरणाला फोटोवाला नको होता, प्रेमिला हवी होती. प्रेमिला नाही-नाही म्हणत गेली. खोलीत बाया दाटीनं बसल्या होत्या, एक बल्ब जळत होता. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला तसे दोन-तीन पदर पुढं आले.

"अवो, हे तं आपली प्रेमिला होय," कोणीतरी म्हणालं आणि पदर मागं गेले.

ती माणसांतून वाट काढत पाळण्यापाशी पोचली, गुडघ्यांवर बसली आणि बाळाच्या तोंडाजवळ गेली. गोपिका वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती. प्रेमिलानं आधी बाळाचे डोळे बघितले, मग आईचे. मग बटन दाबलं.