पदराचा रंग पोटात

आता कसं सांगू तुम्हाला! चहा घ्या बिनधास्त. पण चुलीवर काढा दिसला, तर आधी घरात विचारा. मी विचारलं नाही, म्हणून आंधळगावात अजून लोक मला बघून हसतात.

झालं असं, की माझ्या आतड्याला सूज. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर म्हणाले, "रंगीत भाज्या खा, डाळिंब खा. त्यांच्या रंगात, तुरटपणात जे घटक असतात, ते आतड्यातली आग शमवायला मदत करतात."

मी काय धरलं? जितका रंग गडद, जितकी चव तुरट, तितकं औषध जालीम!

आमची मंदा म्हणजे कमाल बाई हो! माझ्या पथ्याची पालेभाजी, जवसाची चटणी, सोललेलं डाळिंब, सगळं वेळेवर. शिवाय लेकीच्या लग्नाची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी घरच्याच मागावर विणायला घेतलेली. पदर सोडून बाकी साडीचं, म्हणजे अंगाचं सूत तिनं माहेरी रंगवून आणलं होतं. कशानं रंगवलं, हे मी कशाला विचारतोय!

एका सकाळी ती पदराचं सूत धुवायला नळावर गेली. चुलीवर गंज, त्यात पिवळंजर्द पाणी, तळाशी डाळिंबाच्या साली. माझे डोळेच भरून आले. नवऱ्यासाठी बाईनं सालीसुद्धा उकळल्या!

पेलाभर प्यालो. तुरट? अहो, जीभ टाळूला चिकटली! म्हणजे औषध अस्सल. आणखी एक घेतला. तेवढ्यात शेजारचे गुलाबराव आले, त्यांनाही पाजला.

"काहून तोंड वाकडं करता, भाऊ? तुरटच तर काम करते!"

गुलाबरावांनी आणखी मागितला. काय करता!

मंदा परतली. "अवो, गंजातलं पानी कोठी गेलं?"

"पेलो ना! मंदा, तुह्यासारखी बायको..."

"पेले? अवो, पदराचा रंग होता तो! तुमच्याच डाळिंबाच्या साली जमा करून ठेवल्या होत्या म्या. तुरटी टाकली हाये त्याच्यात!"

गुलाबराव चप्पल न घालताच पळाले. डॉक्टर फोनवर आधी घाबरले, तपासून झाल्यावर पोट धरून हसले. पण लग्न तोंडावर, साली संपलेल्या. मंदानं उरल्यासुरल्या रंगात पाणी घालून पदराचं सूत रंगवलं. बिचारीनं मला एक शब्द ऐकवला नाही.

तो तिनं मांडवासाठी राखून ठेवला होता!

लेकीच्या सासूबाईंनी साडीवरून हात फिरवला. "काय सुंदर विणली, विहीणबाई! पण पदर फिका काहून?"

मंदानं माझ्याकडे बघितलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अंगाचा रंग मायनं देला. पदराचा बापानं पेला!"