माश्या मारणारी मुलगी

आगाशीच्या वाडीतलं आंब्याचं कुजकं झाड काल तोडलं. ओल्या भुश्याचा आंबूस वास नाकात शिरला आणि मला बघायला पाहुणे आले होते, तो दिवस आठवला.

तेव्हा मी एम.एस्सी. करत होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. कुजक्या सालीखाली वाढणाऱ्या माश्या पुस्तकांनी दुसऱ्यांच्या कुळात कोंबल्या होत्या. त्यांचं कूळ वेगळं आहे, हे मला सिद्ध करायचं होतं. पोह्यांची बशी घेऊन ओटीवर गेले, तेव्हाही नखांत भुसा होताच.

"शिकतेस काय गं?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. मी वेडी! पंखांच्या शिरांपासून सगळं ऐकवलं.

"म्हणजे दिवसभर माश्या मारतेस म्हण की!"

सगळी ओटी हसली. "बाय, आधी तुझं कूळ ठरू दे, मग माशीचं बघ," बाबा म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मीच. मुलगा गोरा होता ना!

लग्नानंतर सासूबाईंनी बाटल्यांत जपलेल्या माझ्या माश्या उकिरड्यावर टाकल्या, बाटल्या धुतल्या आणि त्यांत हळद-हिंग भरलं. मी झाकणं लावून दिली.

काल नातीला त्या माश्यांबद्दल मोबाइलवर बघायला सांगितलं.

"आजी, त्यांचं कूळ वेगळंच मानतात. कुणीतरी केव्हाच सिद्ध केलंय."

"बरं झालं. त्यांना तरी स्वतःचं कूळ मिळालं."

"मग तू काय केलंस इतकी वर्षं?"

"माश्या मारल्या," मी म्हटलं.