मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर

"बेटी, तुझं मशीन काहीही म्हणो, नव्वदच्या वर गेलं की माझी गाडी थरथरते," असं म्हणत मुकादम चाचांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. तिसऱ्यांदा.

पाच दिवसांपूर्वी आमच्याच दुकानात त्यांच्या गाडीला चार नवे टायर बसवले होते. चाचा कुवेतला तीस वर्षं कंपनीची गाडी चालवून पनवेलला परतलेले. आता दर आठवड्याला पुण्याला मुलीकडे जातात, एक्स्प्रेसवेने. आवाज चढवत नाहीत, चहा दिला तर कप स्वतः उचलून ठेवतात. अशा माणसाची तक्रार खोटी नसते, म्हणून जास्त झोंबते.

मी जुन्या हायवेवरच्या या दुकानात चाकांचं बॅलन्सिंग करते. अठरा वर्षं झाली. बाई हे काम करते म्हणून सुरुवातीला लोक बघायला थांबायचे, आता फक्त घाई करायला थांबतात. बॅलन्सिंग म्हणजे काय ते सांगते. कुठलंही चाक सगळीकडून सारख्या वजनाचं नसतं, एखादी बाजू थोडी जड असतेच. गावात चाळीसने फिरताना ते कळत नाही. हायवेवर मात्र तीच जड बाजू चाकाला झटके देते आणि गाडी थरथरते. म्हणून चाक मशीनच्या शाफ्टवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, चढवून गरगर फिरवायचं. मशीन सांगतं, अमुक जागी इतके ग्रॅम लावा. तिथे छोटं वजन चिकटवायचं आणि पुन्हा फिरवायचं. स्क्रीनवर शून्य आलं की चाक पास.

चाचांच्या चारही चाकांना मी दोनदा शून्य आणून दाखवलं होतं.

केबिनमधून शेठ बाहेर आले. आमचे शेठ उरणकडच्या गावचे. मन मोठं, पण तोंडाला ब्रेक नाही.

"परत तीच गाडी? मॅडम, टायर नवे हाय, मशीन नवी हाय. मंग राहिलं कोण?"

मी टेबलावरची किल्ली उचलली.

"सोमवारपासून कळंबोलीचा एक माणूस येतोय मशीनवर. तुमी काउंटर बघा. एसीत बसायचं, बिलं फाडायची. वाईट काय हाय त्यात?"

हे सगळं ग्राहकासमोर. मला रडू आलं असतं, पण राग आधी आला. अठरा वर्षं मी चाकं उचलली, कंबर धरली तरी उचलली, ती काउंटरवर बिलं फाडायला नाही. शनिवार होता. माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

"चाचा, आजचा दिवस गाडी ठेवता?"

"ठेवतो की. पण आधी तू माझ्यासोबत चल. स्वतः बघ."

हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शून्य बघितलं की आम्हाला रस्ता बघावासा वाटत नाही, ही आमच्या धंद्यातली खोड. चाचा चालवत होते, मी शेजारी बसले. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत कळंबोलीला एक्स्प्रेसवेवर चढलो. ऐंशीला गाडी मस्त. ब्याण्णवला सुरू झालं. शंभरला स्टिअरिंग चाचांच्या हातात थरथरत होतं आणि माझ्या पाठीला सीटही.

इथे थोडं डोकं चालवावं लागतं. स्टिअरिंग हललं तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीट हलली तर मागच्या. इथे दोन्ही हलत होतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा बिघडली असती तर गाडी एका बाजूला ओढली असती. ही तर नाकासमोर चालत होती. म्हणजे पुढची-मागची, चारही चाकं संशयित.

"चार टायर आणि चारही बदमाश?" चाचा म्हणाले. "इतकं नसीब कुणाचं खराब नसतं, बेटी."

शेडुंगच्या फाट्याला उतरून जुन्या रस्त्याने परत येईपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होते. दुकानात आल्या आल्या शेठना गाठलं.

"शेठ, टायर ठीक आहेत. चारही चाकांना लागलेली गोष्ट एकच आहे, आपलं मशीन."

"आन् तुमी," शेठ म्हणाले.

"हो. आणि मी."

एक चाक उतरवून मशीनवर चढवलं. शून्य. शेठनी हात उडवले. मी चाकाकडे बघत उभी राहिले. चाक नेहमीसारखंच बसलं होतं, अगदी नेहमीसारखं. माझी एक शिस्त आहे. शाफ्टवर मी पांढरी खूण केली आहे आणि चाकाचा वॉल्व्ह, म्हणजे हवा भरायचं तोंड, दर वेळी त्या खुणेसमोरच आणते. दुसरे लोक कसंही चढवतात, मी नाही. या शिस्तीचा मला भारी अभिमान.

मी नट सैल केला. चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवलं, वॉल्व्ह खुणेच्या बरोबर उलट बाजूला. नट आवळला, बटण दाबलं.

पस्तीस ग्रॅम.

"आता काय झालं?" शेठ पुढे आले.

"चाकात दोष असता तर कसंही चढवलं तरी आकडा तोच आला असता. चाक वळवल्यावर आकडा बदलला, म्हणजे चाक मशीनवर सरळ बसतच नाहीये. आणि मी दर वेळी एकाच जागी बसवत होते, म्हणून तीच चूक दर वेळी शून्य होऊन दिसत होती."

चाक काढलं. शाफ्टच्या मुळाशी एक लोखंडी थाळी असते, तिला चाक टेकतं. फ्लँज म्हणतात तिला. तिच्यावरून अंगठा फिरवला. एका जागी उंचवटा लागला. टॉर्च मारला. लालसर-पिवळा, चिवट थर, आणि त्यात दाबून बसलेले तांदळाचे कण.

शेठ वाकले. नखाने एक कण उकरून बघितला.

"अक्षता?"

"गेल्या आठवड्यातल्या दसऱ्याच्या. तुमच्याच हातच्या."

दरवर्षी मशीनची पूजा होते, पण कुंकू लावतात वरच्या झाकणावर. यंदा मशीन नवीन म्हणून शेठनी स्वतः मनापासून पूजा केली. शाफ्टला हळदकुंकू, फ्लँजला हळदकुंकू, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी मी शाफ्ट तेलाच्या फडक्याने पुसला. फ्लँजवरच्या पूजेच्या कुंकवावर फडकं मारायला मात्र माझा हात धजला नाही. आईने लहानपणी हातावर मारून शिकवलेलं असतं ते. म्हटलं, चाकं चढतील-उतरतील तसं आपोआप जाईल. ते गेलं नाही. तेलात कालवलं गेलं, चाकांखाली दाबलं गेलं आणि वार्निशसारखं घट्ट झालं.

"लावल्या तुम्ही आणि पुसल्या नाहीत त्या मी," मी म्हणाले. "निम्मी चूक माझी, शेठ. लपवत नाही."

चाचा हसू आवरायला रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि पेट्रोलचं फडकं घेऊन फ्लँज आरशासारखी चकचकीत केली. मग चारही चाकांची जुनी वजनं काढून नव्याने बॅलन्सिंग केलं. प्रत्येक चाक दोनदा तपासलं, एकदा सरळ आणि एकदा अर्धा फेरा फिरवून. दोन्हीकडे शून्य.

या वेळी शेठही गाडीत बसले, मागे. कळंबोली सुटली. ऐंशी. नव्वद. पंचाण्णव. शंभर. चाचांनी स्टिअरिंगवरची पकड सैल करून नुसती बोटं टेकवली.

"माशाल्ला," ते म्हणाले. "आता ही माझी गाडी वाटते."

मागे वळून शेठकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलंच. आणि खूप बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू? शेठ खिडकीबाहेर बघत होते. शेडुंग आलं तेव्हा त्यांनी मोबाइल काढला.

"हां, मी बोलतोय. सोमवारी नको येऊस रे. मशीनला माणूस हाय आमच्याकडं. नाय नाय, आधीपासूनच हाय."

दसऱ्यानंतर त्या मशीनवर एकूण नऊ गाड्या झाल्या होत्या. त्या सगळ्यांना शेठनी स्वतः फोन करून बोलावलं. 'फ्री चेकिंग' म्हणाले, अक्षतांचं नाव काढलं नाही. दोघांनी आल्यावर सांगितलं की थरथर जाणवत होती, पण वाटलं रस्ताच खराब असेल. बाकीच्यांना आपल्याकडच्या ट्रॅफिकने साठच्या वर जाऊच दिलं नव्हतं.

नव्या माणसांना मी आता पहिल्या दिवशी एवढंच सांगते. मशीनला तोच प्रश्न दोनदा विचारा, दुसऱ्यांदा चाक वळवून. आणि शांतपणे तक्रार करणाऱ्या ग्राहकाचं पहिल्याच खेपेला ऐका. त्याला तिसऱ्यांदा यावं लागलं, तर दोष टायरचा नसतो.