तीन घरांत जन्मलेली बायको

माझी बायको तारकर्लीत तीन वेगवेगळ्या घरांत जन्मली, अशी सरकारदरबारी नोंद होता होता राहिली.

खरं म्हणजे ती श्रीलंकेतल्या गॉलची. नाव नदीशा, गावाने आठवड्याभरात तिची नंदा केली. आमची ओळख दुबईच्या एका हॉटेलात झाली. लग्न करून आम्ही इथे आलो आणि घरगुती खानावळ काढली, त्याला नऊ वर्षं झाली. दरवर्षी राहण्याची परवानगी वाढवायला खेपा घालून ती कंटाळली, म्हणून आम्ही भारतीय नागरिकत्वाचा अर्ज केला. "चौकशीला साहेब येतील. शेजारी काय सांगतात त्यावर पुष्कळ अवलंबून आहे," असं ऑफिसातून बजावलं.

झालं! मी (स्वतःला शहाणा समजणारा) लगेच घरोघर फिरलो. "कोणी इचारल्यान तर सांगा, नंदा आपल्यातलाच आसा."

आमच्या गावात एक नियम फार कडक आहे: बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही. त्यासाठी काय वाटेल ते बोलायची लोकांची तयारी असते. साहेब आले आणि पहिल्यांदा शेजारच्या सुलूकाकीकडे गेले. मी मागे उभा.

"नदीशाबाई इथे कधीपासून राहतात?"

"कधीपासून म्हंजे? जल्मल्यापासून!"

"म्हणजे जन्म इथला?"

"ह्या काय, माज्याच माजघरात! सुईण मीच!"

मी डोळे वटारले. काकीला वाटलं, काहीतरी कमी पडलं. "पाऊस ह्यो पडत होतो!" तिने भर घातली.

दुकानदार बाबीने जन्म आपल्या मामाच्या घरी लावला. वर "माज्याच वर्गात होता. माजी पाटी फोडल्यान!" अशी तक्रारही केली. तिसरे आबा; तोवर काकी आणि बाबीही मागोमाग आलेच. त्यांचं सगळं आयुष्य रापणीची जाळी ओढण्यात गेलेलं. "ता तर आमच्या पडवेत जल्मला," ते म्हणाले, "आणि बारसा केलाव ता आमीच!"

साहेबांनी फाइल मिटली. "अर्जात जन्म गॉलचा, इथे तीन घरांतला. अर्ज खोटा की गाव खोटं? हे असं मी पुढे पाठवू शकत नाही."

बायकोची नऊ वर्षांची पायपीट माझ्या शहाणपणापायी पाण्यात!

तेवढ्यात नंदा बाजारातून बांगडे घेऊन आली. काय झालं ते तिने ऐकलं आणि पिशवी माझ्या हातात कोंबली.

"काकी, खोटां कित्याक सांगतास गो? आबा, तुमी पण? साहेब, माजो जल्म श्रीलंकेतलो. हय माका नऊ वर्सां झाली. खरां सांगान गावला तर व्हया माका नागरिकत्व, नायतर नको!"

मला तिचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! साहेब हसले. "बाई, नऊ वर्षं इथे राहिलात हे तर आता विचारायलाच नको." त्यांनी फाइल पुन्हा उघडली. "आणि यांचे पती? ते कसे आहेत?"

सुलूकाकी ओशाळली होती. तिने पदर नीट केला. "आता देवाशपत खरांच सांगतंय. तो हयचो न्हय. जल्म परळचो. माडार चढूक येना नाय, होडयेत बसलो की ओकता. आमी तेका ऱ्हवाक दिलाव ता नंदाच्या तोंडाकडे बघून!"

(सातबाऱ्यावर माझ्या पणजोबांचं नाव आहे हो! पण मध्ये बोलू दिलं तर ना!)

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात नंदाचं प्रमाणपत्र आलं. सुलूकाकीने वाडीभर पेढे वाटले. शेवटचा उरलेला माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "घे रे बाबा. पावण्याक रिकाम्या हातान कसा धाडूचा?"